जमिनीवरचा स्टे सहा महिन्यांत आपोआप उठतो का, आणि खरं तर कधी उठायला पाहिजे

आधी तुमचा प्रश्न परत मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. करवीर तालुक्यात तुमची दीड एकर जमीन, चुलत भावानं २०२० मध्ये मनाईचा दावा टाकला, पहिल्याच तारखेला तुम्ही हजर नसताना कोर्टानं ‘जैसे थे’ दिलं, तेव्हापासून बोअर मारता येईना की शेड उभं करता येईना, आणि दावा आहे तिथंच आहे. आता गावात कुणीतरी सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं कुठलाही स्टे सहा महिन्यांत आपोआप उठतो, तर उद्या जेसीबी लावू का, हा एक प्रश्न. आणि दुसरा, असल्या ऑर्डरला मुदतच का नसते.

जेसीबी लावू नका. निदान हे पूर्ण वाचून आणि तुमच्या दाव्याचा रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) बघून होईपर्यंत तरी नको.

सहा महिन्यांची गोष्ट कुठून आली ते सांगतो. २८ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं एशियन रिसर्फेसिंग नावाच्या केसमध्ये सांगितलं होतं की खालच्या कोर्टातल्या खटल्याच्या कामकाजाला वरच्या कोर्टानं स्टे दिला असेल तर तो सहा महिन्यांनी संपेल, कारणं देऊन मुदत वाढवली असेल तरच पुढं चालेल. ती केस होती सीबीआयची, भ्रष्टाचाराची, आणि त्यातला स्टे म्हणजे खटलाच थांबवून ठेवणारा स्टे. तुमच्या बांधावरच्या मनाई हुकमाशी त्याचा थेट संबंध तेव्हाही नव्हता, पण व्हॉट्सॲपवर फिरता फिरता त्याचं ‘सगळे स्टे सहा महिन्यात रद्द’ असं झालं. आणि मुळात तो निकालही आता राहिलेला नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं अलाहाबाद हायकोर्ट बार असोसिएशनच्या केसमध्ये तो बाजूला सारला आणि स्पष्ट सांगितलं की नुसती वेळ गेली म्हणून अंतरिम आदेश आपोआप संपत नाही, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तो काढता येत नाही. म्हणजे चावडीवर जे सांगतायत ते दोनदा चुकीचं.

गोंधळाला अजून एक कारण आहे असं मला वाटतं. जमिनीच्या कायद्यात सहा महिने हा आकडा दुसऱ्या दोन ठिकाणी खरोखरच येतो. कुणी तुम्हाला जमिनीवरून बेकायदा हुसकून काढलं तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली कब्जा परत मिळवायचा दावा सहा महिन्यांत टाकावा लागतो. आणि वहिवाटीचा रस्ता किंवा पाट अडवला तर मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, ऊस वाहतुकीचा रस्ता अडवला की आपल्याकडं नेहमी हाच अर्ज पडतो.  हे दोन्ही आकडे तुम्ही किती दिवसात कोर्टात जायचं त्याचे आहेत, कोर्टानं दिलेली ऑर्डर किती दिवस जगते त्याचे नाहीत.

आता तुमची ऑर्डर. पहिलं काम, त्या ऑर्डरची नक्कल काढा आणि शेवटची ओळ वाचा, अगदी शब्द न शब्द. आपल्या कोर्टात दाव्याबरोबर जो तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो त्याला बहुतेक वेळा निशाणी ५ पडते, म्हणून सगळे त्याला ‘एक्झिबिट पाच’च म्हणतात. त्याच्यावर तीन प्रकारचे हुकूम होऊ शकतात. एक, ‘पुढील तारखेपर्यंत’. दोन, ‘पुढील हुकूम होईपर्यंत’ किंवा ‘निशाणी ५ चा निकाल होईपर्यंत’. तीन, ‘दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत’. पहिला प्रकार असेल तर त्याचं आयुष्य त्याच्यातच लिहिलंय, पुढच्या तारखेला कोर्टानं ‘मनाई हुकूम पुढे चालू’ असं रोजनाम्यात लिहिलं नाही तर तो तिथं संपला, त्यासाठी कुठलाही अर्ज लागत नाही. दुसरा असेल तर वेळ कितीही जाऊ दे, कोर्ट काही करेपर्यंत तो जिवंत. तिसरा असेल तर अर्ज चालून निर्णय झालाय, मग रस्ता अपिलाचा, त्याची मुदत वेगळी, आणि ती तुमची केव्हाच गेली असणार.

गंमत अशी की पहिल्या प्रकारचे हुकूम प्रत्यक्षात उसाच्या खोडव्यासारखे वागतात. एकदा लावण झाली की मग त्याच बुडख्यांतून खोडवा, मग निडवा, तसं दर तारखेला एक ओळ रोजनाम्यात पडते, ‘अंतरिम आदेश पुढील तारखेपर्यंत कायम’, आणि कुणी विचारतच नाही की मूळ अर्जावर युक्तिवाद कधी होणार. म्हणून रोजनामा पहिल्या तारखेपासून बघा, सलग. मधल्या एखाद्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते, कोर्ट रिकामं होतं, वादी गैरहजर होता, आणि मुदतवाढीची ओळ पडलीच नाही असं सापडू शकतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की तारखा दिसतात, पण ॲपवर सगळा मजकूर असेलच असं नाही, खरी नक्कल कोर्टातूनच घ्या. आणि अशी गॅप सापडली तरी स्वतःच्या हिमतीवर काम सुरू करू नका. कोर्टात एक छोटा अर्ज द्या की हुकूम अमुक तारखेला संपलेला आहे, तशी नोंद घ्यावी. कारण समोरचा वकील म्हणणार की पुढच्या तारखेला वाढवला होता, कोर्टाचा हेतू चालू ठेवायचाच होता, आणि तुम्ही तोवर दहा फूट खड्डा काढलेला असला तर सगळं बोलणं त्या खड्ड्याभोवती फिरतं.

कायदा काय म्हणतो ते बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३९, म्हणजे त्या कायद्यातलं तात्पुरत्या मनाईचं प्रकरण. नियम ३ म्हणतो की मनाई देण्याआधी समोरच्याला नोटीस द्या, आणि नोटिशीच्या उशिरानं हेतूच बुडणार असेल तरच एकतर्फी द्या, पण तेव्हा कारणं लिहा. आणि ज्यानं एकतर्फी हुकूम घेतला त्यानं अर्ज, ॲफिडेव्हिट, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती समोरच्याला लगेच द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवायच्या, आणि तसं केल्याचं ॲफिडेव्हिट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं. हे सक्तीचं आहे. आणि खरं सांगू का, या एका गोष्टीकडं प्रतिवादीचे वकील जेवढं लक्ष द्यायला पाहिजे तेवढं देत नाहीत, सगळे सातबारा आणि फेरफारावर तुटून पडतात. तुमच्या फाईलमध्ये ते ॲफिडेव्हिट आहे का, पोस्टाची पावती कुठल्या तारखेची आहे, आधी ते बघा.

मग येतो नियम ३अ, १९७६ च्या दुरुस्तीनं आलेला. एकतर्फी मनाई दिली तर त्या अर्जाचा निकाल तीस दिवसांत लावायचा प्रयत्न कोर्टानं करावा, नाही जमलं तर का नाही जमलं ते लिहावं. बघा, ‘प्रयत्न करावा’. इथं लोक म्हणतात तीस दिवस झाले, संपला स्टे. नाही संपत. सुप्रीम कोर्टानं २००० मध्ये वेंकटसुब्बय्या नायडूच्या केसमध्ये हाच प्रश्न बघितला आणि सांगितलं की तीस दिवस उलटले म्हणून हुकूम आपोआप मरत नाही, पण ज्याच्याविरुद्ध हुकूम आहे त्याला मग थेट अपिलात जाता येतं, खालच्या कोर्टानं अर्ज निकाली काढायची वाट बघत बसायची गरज नाही. हा निकाल प्रतिवादीच्या हातातलं चांगलं हत्यार आहे. तुमच्या केसमध्ये तीस दिवस होऊन पाच वर्षांच्या वर झाली, आणि कारणं लिहिलेली नसतील, तर जिल्हा कोर्टात अपिलाचा मुद्दा उघडच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुदत असावी का आणि किती.

कॅलेंडर बघून आपोआप स्टे उठवावा या मताचा मी नाही, आणि हे वादी-प्रतिवादी दोघांचंही काम केल्यावर सांगतोय. समजा एक विधवा बाई आहे, नवऱ्याच्या हिश्श्याची वीस गुंठे जमीन, दीर म्हणतो तुझं काय नाही इथं. तिनं मनाई मिळवली. मग कोर्टातली जागा वर्षभर रिकामी राहिली, नंतर आलेल्या न्यायाधीश साहेबांकडं जुन्या फौजदारी केसेसचा ढीग, दीर दर तारखेला ‘से (अर्जावरचं लेखी म्हणणं) द्यायला मुदत द्या’ म्हणतोय. सहा महिन्यांनी आपोआप हुकूम उठला तर शिक्षा कुणाला झाली? ज्यानं उशीर केला त्याला बक्षीस मिळालं. २०२४ च्या घटनापीठाचा गाभा हाच आहे, पक्षकाराचा दोष नसताना कोर्टाच्या उशिराची किंमत त्यानं का मोजायची.

पण याच्या उलटं चित्रही मी रोज बघतो आणि तुमची केस त्यातलीच दिसते. वादीला निकाल नकोच असतो. त्याला जे पाहिजे होतं ते पहिल्या दिवशी मिळालं. मग दावा जितका लांबेल तितका तो जिंकतोय, समोरचा कंटाळून कमी भावात हिस्सा सोडून देईल याची वाट बघतोय. आपल्याकडच्या भावकीच्या दाव्यात अर्धे तरी असे असतील असा माझा अंदाज, हिशोब कुणी ठेवलेला नाही. इथं ‘पुढील हुकमापर्यंत’ म्हणजे समोरच्याची जमीन फुकटात गहाण ठेवून घेतल्यासारखं.

म्हणून मी असं म्हणतो की मुदत दोन वेगवेगळ्या टप्प्यांना वेगवेगळी पाहिजे. समोरच्याला न ऐकता दिलेला हुकूम, ज्याला आपण तूर्तातूर्त म्हणतो, तो कायम ठरावीक तारखेपर्यंतच असावा, थोड्या दिवसांचा, आणि प्रत्येक वाढीला एक कारण लिहिलेलं असावं. समोरचा हजर झाला, त्यानं से दिला, की पुढच्या एक-दोन तारखांत युक्तिवाद. वादी तयार नसेल तर हुकूम वाढवायचा नाही, बस. याला नवीन कायदा लागत नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये रामरामेश्वरी देवीच्या केसमध्ये, तीही घर-जमिनीचीच लांबलेली भांडणं होती, खालच्या कोर्टांना बजावलंय की एकतर्फी मनाई देताना फार सावध राहा, शक्यतो आधी थोड्या दिवसांची नोटीस काढा.

दोन्ही बाजू ऐकून दिलेला हुकूम मात्र दाव्याच्या निकालापर्यंत राहायला हरकत नाही, पण अटींवर. आणि इथं एक गोष्ट सांगतो जी फार कमी लोक वापरतात. ऑर्डर ३९ नियम २ च्या पोटकलम २ मध्ये लिहिलेलंच आहे की कोर्ट मनाई देताना तिची मुदत, हिशोब ठेवणं, तारण देणं, अशा अटी घालू शकतं. मुदत! हा शब्द कायद्यात पहिल्यापासून आहे. तुम्ही विचारता मुदत का नसते, तर उत्तर असं की बहुतेक वेळा कुणी मागतच नाही. प्रतिवादीचा वकील ‘अर्ज नामंजूर करावा’ एवढंच मागतो, आणि अर्ज मंजूर झाला की अटीबद्दल बोलायला जागाच उरत नाही. माझी पद्धत अशी आहे की से मध्येच शेवटी पर्यायी मागणी लिहायची, की अर्ज नामंजूर व्हावा, पण कोर्टाला मनाई देणं योग्य वाटलंच तर ती अमुक महिन्यांपुरती असावी, वादीनं तेवढ्यात पुरावा सुरू करावा, आणि दावा फेटाळला गेला तर नुकसान भरून देण्याची हमी त्यानं द्यावी. काही साहेब हसतात, काही जण लिहून घेतात.

शेतजमिनीत तर मुदत पिकाशी जोडता येते आणि तशीच जोडली पाहिजे. कोल्हापुरात उसाचं गणित वेगळं आहे. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात झाली की तोडीला दीड वर्ष जातं. ‘जैसे थे’ जून महिन्यात आलं आणि रान मोकळं असेल तर एक अख्खा हंगाम गेला, आणि ऊस उभा असताना आलं तर तोड कुणी आणायची, टोळी कुणाच्या नावावर, बिल कुणाच्या खात्यावर, यावरून डोकी फुटतात. अशा वेळी सरसकट मनाई देण्यापेक्षा असं मागता येतं की ऊस तुटू दे, कारखान्यानं बिल कोर्टात जमा करावं, आणि पुढची लावण कुणी करायची ते हंगाम संपायच्या आत ठरावं. खर्च वजा जाता हिशोब ठेवायची अट घाला. पीक वाचतं, पैसे सुरक्षित राहतात, आणि हुकमाला नैसर्गिक शेवट मिळतो. दोन्हीकडचे वकील थोडे शहाणे असले तर हे संमतीनं होतं, मी होताना बघितलंय. वकिलांपेक्षा पक्षकारच जास्त अडतात, खरं सांगायचं तर.

‘जैसे थे’बद्दल एक तक्रार करतोच. जैसे म्हणजे कसे? कुठल्या तारखेला कब्जा कुणाचा होता? नुसतं जैसे थे लिहिलं की दोघंही म्हणतात माझा कब्जा कोर्टानं मान्य केला, दोघंही पोलीस स्टेशनला तीच ऑर्डर घेऊन जातात आणि तिथला हवालदार बिचारा डोकं धरून बसतो. स्थिती काय होती ते न सांगता दिलेला असा हुकूम योग्य नाही असं सुप्रीम कोर्टानंही म्हटलेलं आहे. तुमची ऑर्डर अशी असेल तर ती स्पष्ट करून मागायचा अर्ज हा स्टे हलवायचा सगळ्यात सोपा दरवाजा आहे, कारण स्पष्ट करायला बसलं की कोर्टाला कब्जाचे कागद बघावेच लागतात, सातबाराचा पीकपाहणीचा भाग, पाणीपट्टी, ऊस नोंद, विजेचं कनेक्शन. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी, किंवा ऑर्डर २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर मागा.

चुलत भावाचा दावा वाटणीच्या भांडणातून असेल, म्हणजे खातं सामायिक असेल, तर अजून एक मुद्दा. सहहिस्सेदाराला सामायिक जमिनीत पाय ठेवू नको असं सरसकट सांगणं अवघड असतं, फार तर विकू नको, कायमचं बांधकाम करू नको एवढं. आणि विक्रीपुरतं बघितलं तर ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ५२ आहेच, दावा चालू असताना घेणारा निकालाला बांधील राहतो. तेवढं संरक्षण असताना विक्रीविरुद्ध वेगळा बेमुदत स्टे कशाला, हा प्रश्न कोर्टात विचारता येतो. कुळाचा वाद असेल तर गोष्ट आणखी वेगळी, त्यात दिवाणी कोर्टाचे हात बांधलेले असतात, ते इथं नको.

आपोआप कधी संपतो ते थोडक्यात. दावा फेटाळला, काढून घेतला, किंवा अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत केला, की तात्पुरता हुकूम त्याच्याबरोबर गेला. दावा वादीच्या बाजूनं निकाली निघाला तरी तात्पुरता संपतो आणि डिक्रीतली, म्हणजे अंतिम हुकूमनाम्यातली, कायमची मनाई सुरू होते. वादी मेला आणि वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आले नाहीत तर दावाच पडतो, मग हुकूम कशावर उभा राहणार. पण एक खाच आहे, लक्षात ठेवा. वादी गैरहजर म्हणून दावा निकाली निघाला आणि नंतर कोर्टानं तो परत बोर्डावर घेतला, म्हणजे पुन्हा चालू केला, तर जुना मनाई हुकूमही परत जिवंत होतो, कोर्टानं तसं नाही असं सांगितलं नसेल तर. वरीद जेकबच्या केसमध्ये २००४ ला सुप्रीम कोर्टानं बहुमतानं हे म्हटलंय. म्हणून दावा परत बोर्डावर घेण्याच्या अर्जाला विरोध करताना, ‘दावा घ्यायचा तर घ्या पण मनाई नव्यानं मागू दे’ हे म्हणायला विसरू नका.

आता तुम्ही काय करायचं. ऑर्डर ३९ नियम ४ चा अर्ज, म्हणजे मनाई हुकूम उठवायचा किंवा बदलायचा अर्ज. या नियमात तीन पाय आहेत. वादीनं महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं लिहून एकतर्फी हुकूम घेतला असेल तर कोर्टानं तो रद्दच करायचा, कारणं लिहून तसा ठेवायचा असेल तर वेगळं. तुमच्या केसमध्ये जुनं वाटणीपत्र किंवा आधीचा निकाली निघालेला दावा त्यानं लपवला असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर. दुसरा पाय, परिस्थिती बदलली. तिसरा, तुम्हाला अवाजवी त्रास होतोय. तुमचा हुकूम एकतर्फी आहे म्हणून तुम्हाला सगळेच मुद्दे मोकळे आहेत, दोन्ही बाजू ऐकून झाला असता तर फक्त बदललेली परिस्थिती किंवा त्रास एवढंच दाखवता आलं असतं.

आणि इथंच २०२४ चा तो घटनापीठाचा निकाल, जो लोकांना वाटतं स्टेवाल्यांच्या बाजूचा आहे, तो तुमच्या उपयोगी पडतो. त्यात हायकोर्टानं अंतरिम आदेश कधी काढावा याची उदाहरणं दिलीत. स्टे मिळाल्यावर पक्षकार मुद्दाम तारखा घेतोय किंवा केस पुकारल्यावर गैरहजर राहतोय, हे एक. महत्त्वाच्या गोष्टी लपवून घेतलाय, हे दोन. परिस्थितीत मोठा बदल झालाय, हे तीन, आणि पुढं म्हटलंय की एखाद्या केसमध्ये फार काळ लोटणं हाच बदल होऊ शकतो. बोलणं हायकोर्टाच्या स्टेबद्दल असलं तरी तर्क तोच आहे, खालच्या कोर्टात तो वाचून दाखवता येतो. म्हणून रोजनाम्याचा तक्ता करा, तारीख, कोण हजर, मुदत कुणी मागितली, कशासाठी. पानभर नुसता तक्ता, भाषण नको. पंधरा तारखांपैकी अकरा वादीनं घेतल्यात असं कागदावर दिसलं की साहेबांना वेगळं पटवावं लागत नाही. आणि तुमच्याच बाजूनं तारखा घेतल्या असतील तर हा मुद्दा काढू नका, उलटा अंगावर येतो.

अर्ज फेटाळला तर जिल्हा कोर्टात किरकोळ दिवाणी अपील, तीस दिवसांत. त्याच्यावर दुसरं अपील नाही, पुढं घटनेच्या कलम २२७ खाली हायकोर्ट. यासाठी पूर्वी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन मुंबईला दिवस काढावा लागायचा, आणि अर्धे शेतकरी त्या खर्चालाच भिऊन थांबायचे, त्यामुळं खालच्या कोर्टाचा चुकीचा स्टेही वर्षानुवर्षं टिकायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहाही जिल्ह्यांसाठी, सीपीआर हॉस्पिटलसमोर जाऊन काम होतं. याचा परिणाम स्टेच्या आयुष्यावर होईल असं माझं मत आहे. अर्थात जाणं सोपं झालं म्हणजे तिथून स्टे आणणंही सोपं झालं, हे दोन्ही बाजूंना लागू. तिथं रिट याचिकेत कुणी तुम्हाला प्रती न देता आणि न ऐकता कलम २२६ खाली अंतरिम आदेश घेतला, तर पोटकलम ३ बघा, तो काढायच्या अर्जावर दोन आठवड्यांत निर्णय झाला नाही तर आदेश संपतो असे शब्द घटनेतच आहेत. मुदतीनं मरणारा आदेश कुठं लिहिलेला असेल तर तो इथं आहे.

प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्तांकडचे फेरफाराचे स्टे हा वेगळाच विषय, तिथंही ‘पुढील आदेशापर्यंत’ लिहून फाईल कपाटात जाते. एवढंच सांगतो की तो स्टे नोंदीपुरता असतो, त्यावरून कुणी तुम्हाला शेतात जायला अडवत असेल तर ऑर्डर परत वाचा.

दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम जिवंत असताना मोडला तर ऑर्डर ३९ चा नियम २अ, मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. पुढं तो हुकूम चुकीचा ठरला, अगदी कोर्टाला अधिकारच नव्हता असं ठरलं, तरी तो असताना मोडल्याची जबाबदारी जात नाही, १९९७ च्या तय्यबभाई बागसरवाला केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. जेसीबीचा विषय यासाठीच सुरुवातीला थांबवला.

आणि स्टे उठला की दोन कामं लगेच करा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’मध्ये त्या दाव्याचा किंवा मनाईचा शेरा असेल तर हुकमाची नक्कल जोडून तलाठ्याकडं तो कमी करायचा अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण तो शेरा स्वतःहून कुणी काढत नाही, बँकेत पीककर्जाला गेल्यावर कळतं. दुसरं, पुरेसं कारण नसताना मनाई घेतली होती असं दिसलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली त्याच कोर्टात भरपाई मागता येते, पन्नास हजारांपर्यंत. तुमच्या बुडालेल्या हंगामांच्या मानानं ही रक्कम काहीच नाही, आणि या कलमाखाली अर्जाचा निकाल लागला की त्याच मनाईबद्दल भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही, तेव्हा नुकसान मोठं असेल तर अर्ज करायच्या आधी वकिलांबरोबर बसून आकडा काढा, लावणीचा खर्च, टनेज, त्या त्या वर्षीचा दर, सगळं पावत्यांसह.